हे खरे आहे काय?

विधानसभेत आमदार सरकारला लेखी प्रश्न विचारतात, त्याची भाषा ठरलेली असते. ‘अमुक तालुक्यात बालके कुपोषित आढळली, हे खरे आहे काय?’ कधी उत्तर येतं, ‘हे खरे नाही.’ मग पुढच्या उपप्रश्नांना एकच उत्तर, ‘प्रश्न उद्भवत नाही.’ झालं!

अंगणवाडीतल्या लेकराच्या आहाराला दिवसाला ८ रुपये, तीव्र कुपोषित असेल तर १२, गरोदर बाईला साडेनऊ. हा दर केंद्रानं २०१७ साली ठरवला. निम्मा पैसा केंद्राचा, निम्मा राज्याचा. त्यानंतर तेल-डाळ कुठं गेली, ते आपल्याला कुणी सांगायला नको.

शिरपूर, चोपडा, यावलच्या सातपुडा पट्ट्यातली कुटुंबं दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात. लेकरू गावात नाही, म्हणून वजन नाही. नोंद नाही, तर मंत्र्यांच्या उत्तरात ते येणार कुठून?

म्हणून आम्ही गटाच्या बायांनी ठरवलंय, डिसेंबरात नागपूरचं अधिवेशन भरण्याआधी आमदारांना लेखी द्यायचं : कोणता पाडा, कोणत्या महिन्यात आहार आला नाही, किती लेकरांचं वजन राहिलं. पोच घ्यायची. तुमच्या गटानंही वही काढा. दोन्ही जिल्ह्यांतून कागद गेले, तर निदान ‘हे अंशतः खरे आहे’ एवढं तरी लिहावं लागेल.