डोलणारी बाहुली आणि बारावीचं मेकॅनिक्स

(गणेशोत्सवातील सांस्कृतिक कार्यक्रमात झालेल्या भाषणाचा लेखी मजकूर)



दरवर्षी या वेळेला इथे भावगीतं असतात. यंदा समितीने मला उभं केलं आहे आणि विषय दिला आहे, ‘अकरावी-बारावीची मेकॅनिक्सची अवघड गणितं कशी सोडवावीत’. ज्यांना कंटाळा येईल त्यांच्यासाठी मागच्या टेबलावर मोदक आहेत, संकोच करू नये.

हा विषय आपल्या घराघरात आहे. इथे आलेल्या बहुतेकांची मुलं जेईईच्या मागे आहेत. १९९८ पासून भारताचा संघ आंतरराष्ट्रीय फिजिक्स ऑलिंपियाडला जातो, त्याची तयारी मुंबईचं होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र करून घेतं, आणि २०१५ साली तर ते ऑलिंपियाड मुंबईतच भरलं होतं. तेव्हा मुलांनी तिथवर जावं असं आईबापांना वाटणं साहजिक आहे. पण मला भेटणाऱ्या मुलांना सूत्रं शंभर पाठ असतात आणि गणिताची पहिली ओळ लिहिता येत नाही. एच. सी. वर्मांचं पुस्तक कपाटात, इरोदोव्ह त्याच्या शेजारी, आणि मुलगा उत्तराच्या पानावरून उलटा चालत येतोय!

म्हणून मी आज पुस्तक आणलेलं नाही. ही बाहुली आणली आहे. मोठ्या देवळाबाहेर मिळते, आपल्या प्रत्येकाच्या शोकेसमध्ये एक आहे, आणि पुण्या-नागपूरच्या नातेवाइकांना आपण हीच नेऊन देतो. तलैयाट्टी बोम्मै. आडवी पाडा, उठून बसते. का?

‘खाली जड आहे म्हणून’, असं सगळे म्हणतात. उत्तर बरोबर, पण अर्धवट. आता चित्र काढा. बूड अर्धगोल आहे, त्याच्या केंद्राला ओ म्हणू. बाहुली कितीही कलली तरी जमिनीला टेकलेला बिंदू ओच्या बरोबर खालीच राहतो. जमिनीचं लंब बल त्या बिंदूतून जातं, घर्षणही त्याच बिंदूतून. म्हणजे टॉर्क त्या बिंदूभोवती घेतला की दोन अज्ञात बलं एका फटक्यात गेली. उरलं फक्त वजन. गुरुत्वमध्य ओच्या खाली असेल तर वजन तिला उठवतं, वर असेल तर पाडतं. कुठल्या बिंदूभोवती टॉर्क घ्यायचा हे ठरवण्यातच या गणिताची निम्मी मेहनत आहे. सूत्राला नंतर हात लावला तरी चालतो.

आता आकडा काढू. खाली भरीव अर्धगोल, वर त्याच मातीचा भरीव शंकू. अर्धगोलाचा गुरुत्वमध्य सपाट बाजूच्या खाली त्रिज्येच्या ३/८, शंकूचा वर उंचीच्या १/४. मांडून पाहा, शंकूची उंची त्रिज्येच्या वर्गमूळ ३ पट, म्हणजे सुमारे १.७३ पटीपेक्षा जास्त झाली की बाहुली उठणार नाही. चार सेंटिमीटर त्रिज्येच्या बुडावर सात सेंटिमीटरचं धडही चालणार नाही. प्रत्यक्षात बाहुली चांगली उंच असते, कारण वरचा भाग कागदाच्या लगद्याचा, पोकळ आणि हलका. करणाऱ्या कारागिराने हे समीकरण मांडलेलं नाही, त्याच्या हाताला ते माहीत आहे.

आता माझी फजिती सांगतो. काही वर्षांपूर्वी आपल्यातल्याच एका घरची मुलगी माझ्याकडे आली. बारावीत होती. गणित असं: भरीव अर्धगोल खरखरीत जमिनीवर ठेवून थोडा कलवून सोडला, तर तो किती वेळात एक हेलकावा पूर्ण करेल? तिने ओभोवतीचं मोमेंट ऑफ इनर्शिया, २/५ एम आर वर्ग, घेऊन लंबकासारखं उत्तर काढलं होतं. पुस्तकात २/५ च्या जागी १३/२० होते. क्लासमध्ये तिला ‘सूत्र चुकलं’ एवढंच सांगितलं गेलं होतं. मी वहीवर नजर टाकली, दिसायला सगळं नीट होतं, आणि ऐटीत म्हणालो, “छपाईची चूक असेल.”

पोरगी गप्प बसणारी नव्हती. तिने आठ सेंटिमीटर व्यासाचा रबरी चेंडू अर्धा कापला, त्यात प्लास्टर ओतलं, वाळल्यावर रबर सोलून काढलं आणि घड्याळ घेऊन बसली. तिच्या उत्तराप्रमाणे दहा हेलकाव्यांना ४.१ सेकंद लागायला हवे होते, पुस्तकाप्रमाणे ५.३. तिचं घड्याळ दर वेळी साडेपाचच्या आसपास थांबत होतं. दुसऱ्या दिवशी तो गोळा माझ्या टेबलावर ठेवून ती म्हणाली, “काका, छपाई बरोबर आहे. आपण दोघं चुकलो.”

चूक कुठे होती? लंबक टांगलेला बिंदू स्थिर असतो. इथे ओ स्वतःच पुढेमागे सरकतो. क्षणभर स्थिर असतो तो जमिनीला टेकलेला बिंदू, म्हणून मोमेंट त्याच्याभोवती हवं. त्यातही एक खड्डा आहे. समांतर अक्षाचा नियम ओपासून थेट लावला तर ७/५ येतात आणि तेही चूक, कारण तो नियम गुरुत्वमध्यापासूनच लावायचा असतो. आधी गुरुत्वमध्यावर जा: २/५ वजा ९/६४, म्हणजे ८३/३२०. तिथून टेकलेल्या बिंदूपर्यंतचं अंतर त्रिज्येच्या ५/८, त्याचा वर्ग २५/६४. बेरीज करा, १३/२० येतात.

ती मुलगी त्या आठवड्यात फिजिक्स सोडून द्यायच्या बेतात होती, हे मला तिच्या आईकडून पुढे कळलं. माझ्या ‘छपाईची चूक’वर तिने विश्वास ठेवला असता तर काय, हा विचार मला अजून छळतो.

दुसरी वस्तू टेबलावर मावत नाही, ती म्हणजे मोठं देऊळ. राजराज चोळाने १०१० साली पुरं केलेलं. वरचा दगड ८० टनांचा आणि तो सहा किलोमीटर लांब उतरणीवरून चढवला अशी आख्यायिका आपण पाहुण्यांना सांगतो. दगड एकसंध आहे का, यावर मतभेद आहेत, पण गणित म्हणून ते फार छान आहे. उंची ६० मीटर धरा, चढ शंभरात एक. मुलं पटकन सांगतात: ८० टनांचा शंभरावा भाग, ०.८ टन, झालं! आणि घर्षण? घर्षणांक ०.३ धरला तर त्याचेच २४ टन होतात. एक माणूस पंचवीस किलो वजनाइतकं ओढतो समजा, तर हजारभर माणसं लागतील. चढ आणखी कमी केला तरी हा २४ चा आकडा हलत नाही. दगडाखाली ओंडके घालून घर्षणांक दहावा भाग केला, तर मात्र एकूण ३.२ टन आणि माणसं सव्वाशेच्या आसपास. मग लांब उतरणीचा फायदा कोणता? दोर सोडून माणसं जेवायला बसली तरी दगड मागे घसरत नाही, कारण चढ घर्षणांकापेक्षा कमी आहे.

सरफोजीराजांनी १८०३ साली भोसल्यांचा इतिहास त्याच देवळाच्या भिंतीवर मराठीत कोरून घेतला, तो आपण पाहुण्यांना हौसेने दाखवतो. पुढच्या वेळी त्यांना मान वर करून हा दगडही दाखवा आणि हिशेब मुलांना करू द्या, मराठीत.

आता घरचा अभ्यास. गुळगुळीत, घर्षण नसलेल्या जमिनीवर तोच प्लास्टरचा गोळा दहा हेलकाव्यांना किती वेळ घेईल? माझं उत्तर ३.३ सेकंद आहे, पण माझ्यावर विश्वास ठेवू नका. ताटलीला तेल लावून करून बघा. तंतोतंत जमणार नाही, पण आकडा कुठल्या बाजूला सरकतो ते दिसेल. गोळा आणि घड्याळ मी मंडपात ठेवतो आहे, विसर्जनापर्यंत. तेल घरून आणावं, आरतीचं घेऊ नये.