शिकार, सहल आणि ग्रामसभा
(वनहक्क मेळाव्यातील भाषण)

सरळ सांगतो. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं शिकारीला बंदी आहे. २००६ च्या वनहक्क कायद्यानं मोह, तेंदू, मध, चराईचे हक्क मानले. शिकार मात्र कलम ३ मध्येच वगळली. म्हणून फासे लावू नका. एका सशापायी केस लागते, मग तारखांना हेलपाटे.

पण कलम ५ बी वाचा. सामूहिक वनात कोणी, कसं यायचं हे ठरवायचा, नासधूस थांबवायचा अधिकार ग्रामसभेला आहे. सहलीवाले रात्री भोंगे लावतात, बाटल्या फोडतात, चुली पेटत्या सोडून जातात. नियम काय आपल्यालाच? ठराव करा, सह्या-अंगठे घ्या, नक्कल वनखात्याला देऊन पोच घ्या. कागद हातात असला की बोलायला जोर येतो.