आडनावातलं गाव
(मंडळाच्या गणेशोत्सवातील व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



मी डिप्लोमा करून राज्य सरकारच्या नोकरीत लागलो. नकाशे आणि नोंदवह्या यांतच वीस वर्षं गेली. त्यामुळे जुन्या कागदांची आवड लागली. आज बोलणार आहे पोलंडमधल्या आडनावांवर. विषय दूरचा वाटेल, पण आपल्या इंदूरचे होळकर हे नीरेकाठच्या होळ गावावरून होळकर झाले. आपला 'कर' तसा त्यांचा 'स्की'.

विश्नेव्स्की म्हणजे विश्नेवो किंवा तशाच नावाच्या गावचे. 'विश्निया' म्हणजे आंबट चेरी. कोवालस्कीच्या मुळाशी 'कोवाल' म्हणजे लोहार आहे. तिथलं सर्वांत जास्त आढळणारं आडनाव नोवाक, म्हणजे गावात नवा आलेला. स्त्रीचं आडनाव मात्र कोवालस्का होतं. वहीत कोवालस्की आणि कोवालस्का दिसले, तर ती दोन घराणी समजू नयेत.

'स्की' सुरुवातीला जहागिरीवरून सरदार लावत. पुढे शेतकरी, कारागीरही लावू लागले. म्हणून 'स्की' आहे म्हणजे घराणं सरदारांचं, असं ठरत नाही. शिवाय विश्नेवो नावाची गावं अनेक. तेव्हा नुसत्या आडनावावरून गाव सापडत नाही. आधी चर्चचा परगणा शोधायचा, मग एकेक पिढी मागे जायचं. आईचं माहेरचं नाव, साक्षीदार, बाप्तिस्म्याचे धर्मपिता यांच्यावरून खरी खूण पटते.

अडचण पुढेच आहे. १७७२, १७९३ आणि १७९५ साली रशिया, प्रशिया, ऑस्ट्रिया यांनी पोलंड वाटून घेतला. १९१८ पर्यंत तो नकाशावर नव्हता. ऑस्ट्रियाकडच्या भागात नोंदी लॅटिनमध्ये. प्रशियाकडे जर्मन आणि लॅटिनमध्ये. रशियाकडच्या पोलंडात आधी पोलिशमध्ये, १८६८ पासून रशियनमध्ये. एकाच घराण्याचं नाव तीन तऱ्हांनी लिहिलेलं मिळतं.

दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएत सत्तेनं पूर्व पोलंडातून हजारो कुटुंबं सैबेरियात आणि मध्य आशियात नेली. त्यातले सुमारे ५,००० जण १९४३ ते १९४८ या काळात आपल्या कोल्हापूरजवळ वळिवड्याच्या छावणीत राहिले. बहुतेक बायका आणि मुलं. युद्धानंतर त्यांची गावं युक्रेन, बेलारूस, लिथुआनियात गेली. परत जायला घर उरलं नाही. उरलं ते आडनाव, आणि आईच्या तोंडून ऐकलेलं गावाचं नाव. आज त्यांच्या नातवंडांनी शोध घ्यायचा म्हटलं, तर त्या एका नावावाचून कुठल्या देशाचं दफ्तर उघडायचं हेही कळत नाही.

आपलं गाव महाराष्ट्रात जागच्या जागी आहे. तरी आपल्यातल्या किती मुलांना त्याचं नाव आणि तालुका सांगता येतो? घरात ऐंशीच्या पुढचं कोणी असेल, तर या दहा दिवसांतच त्यांच्याजवळ वही घेऊन बसा. आजीचं माहेर, कुलदैवत, पहिल्यांदा इंदुरात कोण आलं, हे लिहून घ्या. आणि ज्याने लिहिलं त्याचं नाव, तारीखही खाली टाका.

गणपती बाप्पा मोरया!