सेवा करणाऱ्याचीही सेवा व्हावी
(वर्षावास व्याख्यानमालेत केलेले भाषण)



 व्याख्यानमालेत आजवर मोठमोठ्या विषयांवर विद्वानांनी विचार मांडले. आजचा विषय मात्र घरातल्या खाटेजवळचा आहे. घरात कोणी अंथरुणाला खिळले, तर त्याची सेवा करणाऱ्या माणसाने स्वतःची प्रकृती आणि मनाचा तोल कसा सांभाळावा, हा तो विषय. आम्ही काही डॉक्टर नव्हे. बँकेच्या काऊंटरवर बसणारी माणसे. परंतु जे भोगले आणि जे चुकले, ते सांगण्याचा अधिकार प्रत्येकाला असतो, म्हणून उभे राहण्याचे धाडस केले आहे.

विनयपिटकातील महावग्गात एक प्रसंग आहे. आपल्यापैकी पुष्कळांनी तो ऐकला असेल. एक भिक्खू अतिसाराने आजारी होऊन आपल्याच मलमूत्रात पडला होता. भगवंत आनंदासह विहारातून फिरत असता तेथे आले. तुझी सेवा करणारा कोणी नाही काय, असे त्यांनी विचारले. त्याने कधी कोणाच्या उपयोगी न पडल्याने कोणीही त्याच्याकडे फिरकत नव्हते. भगवंतांनी आनंदाकरवी पाणी आणविले. भगवंतांनी पाणी ओतले, आनंदाने अंग धुतले. मग भगवंतांनी डोक्याकडून व आनंदाने पायांकडून धरून त्याला उचलले आणि बिछान्यावर ठेवले. त्यानंतर त्यांनी भिक्खूंना एकत्र करून समज दिली, की येथे तुमचे आईवडील नाहीत, तुम्हीच एकमेकांना पाहिले पाहिजे. ज्याला माझी सेवा करावयाची इच्छा असेल त्याने आजाऱ्याची सेवा करावी.

हा प्रसंग सांगून आपण करुणेचा उपदेश करतो आणि थांबतो. परंतु त्यातील एक साधी गोष्ट आमच्या लक्षात फार उशिरा आली. प्रत्यक्ष भगवंतांनीसुद्धा त्या आजाऱ्याला एकट्याने उचलले नाही. डोक्याकडून एक आणि पायांकडून एक, अशी दोन माणसे होती. पुढे त्यांनी नियमही घालून दिला, की आजारी भिक्खूची सेवा त्याच्या उपाध्यायाने करावी, शिष्याने करावी, सोबत राहणाऱ्याने करावी, आणि यांपैकी कोणीच नसेल तर ती संघाने करावी. म्हणजे सेवेचा भार एकाच माणसावर पडू नये, ही व्यवस्था अडीच हजार वर्षांपूर्वी झालेली आहे. आपल्या घरांत मात्र काय होते?

आता आमच्या घरची हकीकत सांगतो. आम्ही दोघे भाऊ व एक बहीण. वडील रेल्वेत गँगमन होते. ते गेल्यावर आई थोरल्या दादांकडे राहत असे. 2016 च्या ऑगस्टमध्ये आईला अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू लुळी पडली, वाचा गेली. इस्पितळातून घरी आणताना आम्ही तिघांनी ठरविले, की आईला काही कमी पडू द्यायचे नाही. दादांनी घरात जागा केली, आमच्यापैकी बँकेत असलेल्याने दरमहा पैसे द्यायचे कबूल केले, बहीण नाशिकहून सणावाराला येत राहिली. दर रविवारी आम्ही मोसंबी घेऊन जात असू, तासभर आईजवळ बसत असू. “आम्ही आईची सेवा करतो आहोत,” असे चारचौघांत सांगतही असू.

परंतु सेवा कोण करीत होते? थोरल्या वहिनी! दादांची कारखान्यात पाळी. सकाळचे तोंड धुणे, अंग पुसणे, कपडे बदलणे, बसवून भरविणे, औषधे, पुन्हा कपडे, आणि रात्री दर दोन तासांनी आईची कूस बदलणे, हे सर्व वहिनी करीत होत्या. पडून असलेल्या माणसाची कूस सुमारे दर दोन तासांनी बदलावी लागते, नाही तर पाठीला, माकडहाडाला, टाचांना जखमा होतात. रात्री दहा ते सकाळी सहा हे आठ तास धरले, तर चार वेळा उठणे आले. हा हिशोब बँकेत आकडे मोजणाऱ्यांच्या डोक्यात अडीच वर्षे आला नाही, हे येथे कबूल केले पाहिजे.

2019 च्या जानेवारीत एके पहाटे वहिनी मोरीत चक्कर येऊन पडल्या. दवाखान्यात नेले तर रक्तदाब 190 वर 110. डॉक्टरांनी विचारले, यांची तपासणी याआधी कधी केली होती? आम्ही एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागलो. आईचा रक्तदाब, साखर, लघवी यांचे कागद तारीखवार फाईलमध्ये लावलेले होते. वहिनींचा एकही कागद नव्हता. वाढलेला रक्तदाब बहुधा काहीच लक्षण दाखवीत नाही. दुखत नाही म्हणून कोणी विचारत नाही. डॉक्टर एवढेच म्हणाले, “एका पेशंटला सांभाळता सांभाळता तुम्ही दुसरा तयार केलात.”

त्याच दिवशी दवाखान्याच्या बाकावर वहिनींनी आणखी एक गोष्ट सांगितली. आदल्या आठवड्यात आईने पेजेची वाटी दोनदा लोटून दिली, तेव्हा त्यांनी वाटी आपटली आणि आईच्या हातावर चापट मारली. सांगताना त्या ढसाढसा रडत होत्या. बंधू-भगिनींनो, खरे सांगायचे तर आमच्या मनात प्रथम रागच आला. आमच्या आईवर हात उगारला! पण राग येण्याचा आम्हाला कोणता अधिकार होता? अडीच वर्षांत सलग चार तास न झोपलेल्या माणसाचा हात होता तो. आजाऱ्याला मारणे चूकच आहे, त्याचे समर्थन होऊ शकत नाही. परंतु त्या चापटीत आम्हा तिघांचाही वाटा होता.

म्हणून पहिली गोष्ट सांगावीशी वाटते ती ही, की शिणलेल्या माणसाची लक्षणे घरच्यांनी ओळखावीत. झोप न लागणे, जेवण उभ्याने उरकणे, स्वतःच्या गोळ्या चुकणे, सतत डोके किंवा कंबर दुखणे, क्षुल्लक कारणावरून चिडणे, कोणी आले तरी बोलावेसे न वाटणे, “यातून सुटका केव्हा होईल” असे मनात येणे आणि मग त्याची लाज वाटणे. हे विचार येतात म्हणून तो माणूस वाईट नसतो, तो थकलेला असतो. दोन आठवड्यांहून अधिक काळ मन खिन्न राहिले, तर डॉक्टरांना दाखवावे. केंद्र शासनाची टेलिमानस ही मोफत दूरध्वनी सेवा 2022 पासून सुरू आहे, क्रमांक 14416. तेथे मराठीतून बोलता येते आणि रात्री-अपरात्रीही फोन उचलला जातो. अंगारे-धुपारे आणि गंडेदोरे आपण 1956 सालीच सोडले आहेत, त्यामुळे त्याविषयी बोलत नाही.

दुसरी गोष्ट पाळ्यांची. आम्ही घरी बसून कागदावर तक्ता केला आणि तो भिंतीला लावला. बँकांना 2015 च्या सप्टेंबरपासून दुसऱ्या व चौथ्या शनिवारी सुट्टी असते; त्या दोन्ही रात्री आणि पुढचे रविवार धाकट्याने घ्यावयाचे ठरले. इतर दिवशी रात्रीची पहिली कूस दादा बदलीत. औषधे आणणे पुतण्याकडे आले. बहिणीने मे महिन्यात आणि दिवाळीत पंधरा-पंधरा दिवस येऊन राहावयाचे मान्य केले. वहिनींना रोज संध्याकाळी पाऊण तास घराबाहेर फिरण्यासाठी, आणि महिन्यातून एकदा रक्तदाब तपासण्यासाठी. तो पाऊण तासही आम्ही तक्त्यातच लिहिला, कारण जे लिहिलेले नसते ते बाईमाणसाच्या वाट्याला येत नाही.

मुलाने आईचे कपडे बदलावयाचे, याचा संकोच दोन्ही बाजूंनी होता. पहिल्या रात्री आईने तोंड भिंतीकडे फिरविले. आम्हाला घाण नीट पुसताही येईना. वहिनी उठून आल्या आणि त्यांनी शिकविले. तिसऱ्या खेपेस आईने डाव्या हाताने चादर स्वतःच बाजूला सारली. रविवारच्या मोसंब्यांनी जे कळले नव्हते ते त्या रात्री कळले.

तिसरी गोष्ट कमरेची. आजाऱ्याला कंबरेतून वाकून उचलू नये. पाय थोडे फाकवून, गुडघे वाकवून, त्याला आपल्या अंगाजवळ घेऊन उचलावे. खाटेवर वर सरकवायचे असल्यास त्याच्या अंगाखाली जाड दुमडलेली चादर घालावी आणि दोघांनी दोन बाजूंनी ती धरून सरकवावे. एवढे साधे तंत्र, पण ते इस्पितळातल्या नर्सबाईंना विचारायचे आम्हाला सुचले नाही. आपण विचारून घ्या, घरी येण्यापूर्वी स्वतः करून बघा.

चौथी गोष्ट मनाची. आपल्याकडे आनापानाचा अभ्यास आहे. रोज दहा मिनिटे येणाऱ्या-जाणाऱ्या श्वासाकडे पाहत बसल्याने राग ओळखू येतो आणि हात उगारण्याआधी खोलीबाहेर जाण्याइतकी उसंत मिळते, असा वहिनींचा पुढचा अनुभव आहे. मात्र ध्यानाने झोपेची भरपाई होत नाही. जागरणाने पिचलेल्या बाईला “ध्यान करा, मन शांत ठेवा” असे सांगण्यापेक्षा एक रात्र तिच्या जागी जागावे.

पाचवी गोष्ट आमच्या व्यवसायातली. पैशाची चिंता ही निम्मी चिंता कागदपत्रांची असते. आजारी खातेदाराला सही करता येत नसेल तर अंगठा चालतो. हाताचा अंगठा शक्य नसेल तर पायाचाही चालतो. बँकेच्या ओळखीचे दोन साक्षीदार लागतात, त्यांपैकी एक बँकेचा जबाबदार अधिकारी असावा लागतो. तशी रिझर्व्ह बँकेची सूचना आहे, तेव्हा आजाऱ्याला रिक्षात घालून बँकेत नेण्याची धडपड करू नये, आधी शाखेत जाऊन भेटावे. पेन्शनसाठी दरवर्षी नोव्हेंबरमध्ये द्यावयाचा हयातीचा दाखला 2014 पासून जीवन प्रमाण योजनेत संगणकावर देता येतो, आणि आता मोबाईलवर चेहरा दाखवूनही घरबसल्या होतो. सत्तर वर्षांवरील सर्वांना, उत्पन्न कितीही असो, ऑक्टोबर 2024 पासून आयुष्मान योजनेचे कार्ड मिळते. कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत इस्पितळातील उपचार. घरी लागणारा खर्च त्यात बसत नाही, हेही ध्यानात ठेवावे. शक्य तो आजारी पडण्यापूर्वीच खाते जोडनावाने करावे आणि नॉमिनेशन भरून घ्यावे.

महावग्गात आजाऱ्याची कर्तव्येही सांगितली आहेत. पथ्य पाळावे, औषध घ्यावे, दुखणे खरे सांगावे. ज्यांना बोलता येते अशा वडीलधाऱ्यांना आमची विनंती आहे, की सुनेने दिलेले औषध गादीखाली ठेवू नका, आणि भेटायला आलेल्यांपुढे तिची गाऱ्हाणी सांगू नका. जी बाई रात्री उठते, तिचे एकदा तरी नाव घ्या.

आता शेवटचा मुद्दा. कुटुंब लहान असेल, मुलगा एकटाच असेल, सूनही नोकरीला जात असेल, तर पाळ्या कोणी वाटून घ्यावयाच्या? तेथे संघाने, म्हणजे आपण वस्तीने, पुढे यावयास हवे. आमच्या दोन सूचना आहेत. विहारात चाकाची खुर्ची, वॉकर, बेडपॅन, हवेची गादी असे साहित्य ठेवावे, ज्याला लागेल त्याने न्यावे व स्वच्छ करून परत आणावे. आणि आठवड्यातून दोन तास कोणाच्या घरी बसू शकतील अशा उपासक-उपासिकांची यादी फलकावर लावावी. आजाऱ्याला भेटायला जाल तेव्हा सल्ला नेऊ नका, फळेही नेली नाहीत तरी चालेल. “ताई, मी इथे बसतो, तुम्ही झोपा,” एवढे वाक्य न्यावे.

आमची आई 2022 साली गेली. शेवटपर्यंत तिच्या पाठीला जखम झाली नाही. वहिनी नंतर कित्येक महिने रात्री दोन वाजता जाग्या होत असत आणि रिकाम्या खाटेकडे पाहत बसत. सेवा संपली तरी सेवा करणाऱ्याचा आजार लगेच संपत नाही. त्या काळातही घरच्यांनी त्यांच्याजवळ बसावे लागते. आज त्या येथे महिला मंडळाच्या दुसऱ्या रांगेत बसलेल्या आहेत. रक्तदाबाची गोळी त्यांनी सकाळी घेतली काय, हे आम्ही निघताना विचारले आहे!

आईची हवेची गादी आम्ही आज विहारात जमा करीत आहोत. फलकावरील यादीत पहिले नाव आमच्या घरचे घालावे, दुसरे आपल्यापैकी कोणीतरी सांगावे, इतकीच प्रार्थना करतो आणि आपली रजा घेतो.

नमो बुद्धाय! जयभीम!