दिव्यांग मुलाची आई आणि तिची रजा



हिमाचल प्रदेशातल्या एका सरकारी महाविद्यालयात शिकवणाऱ्या बाई. मुलाला जन्मापासून दुर्धर आजार, एकामागून एक शस्त्रक्रिया. साठलेली रजा संपली आणि बालसंगोपन रजा नाकारली गेली, कारण केंद्राचा त्या रजेचा नियम राज्याने स्वीकारलाच नव्हता. बाई सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेल्या. 22 एप्रिल 2024 रोजी न्यायालयाने बजावलं की स्त्रीचं नोकरीत असणं ही कुणाची मेहेरबानी नाही, तो तिचा घटनेने दिलेला हक्क आहे. दिव्यांग मुलांच्या आयांचा विचार करून रजेचं धोरण पुन्हा तपासा, असंही सांगितलं.

केंद्र सरकारच्या नोकरीत ही रजा 730 दिवसांची आहे आणि मूल दिव्यांग असेल तर त्याच्या वयाची अट नाही. महाराष्ट्र शासनानेही 2018 साली आपल्या महिला कर्मचाऱ्यांना 180 दिवसांची बालसंगोपन रजा दिली. चांगलं झालं. पण महाडच्या एमआयडीसीत ठेकेदाराकडे रोजावर जाणाऱ्या बाईला यातलं काय मिळतं? पोलादपूरच्या वाडीवर भात लावणारीला? काही नाही. कामावर गेली नाही की त्या दिवसाची मजुरी बुडाली, आणि खाडे फार झाले की कामही गेलं.

शिवाय दिव्यांग मुलाच्या आईची गरज वेगळी असते. सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलाचे पाय रोज हळूहळू ताणून व्यायाम द्यावा लागतो. तो चुकत गेला तर पोटरीचे स्नायू आखडतात, टाच वर ओढली जाते आणि पाऊल जमिनीला पूर्ण टेकत नाही. ते कसं करायचं हे दाखवायला फिजिओथेरपिस्टकडे पुन्हा पुन्हा जावं लागतं. तिला हवा असतो आठवड्याला अर्धा दिवस, वर्षानुवर्षं. केंद्राचा नियम मात्र एका वेळी किमान पाच दिवसांची रजा घ्या म्हणतो! दिव्यांग प्रमाणपत्रासाठी अलिबागच्या जिल्हा रुग्णालयात जायचं, तर पोलादपूरहून एसटीने अख्खा दिवस जातो. ऐन पावसात, घाटात दरड आली असेल तर विचारूच नका.

याच महाडला बाबासाहेब आंबेडकरांनी चवदार तळ्याचा सत्याग्रह केला 1927 साली. पुढच्याच वर्षी ते मुंबईच्या कायदेमंडळात गिरणी-कारखान्यांतल्या स्त्रियांच्या प्रसूती रजेच्या विधेयकाच्या बाजूने बोलले. आईला मिळणारी विश्रांती ही साऱ्या समाजाच्या हिताची आहे, म्हणून तिच्या खर्चाचा भार सरकारनेही उचलावा, असं त्यांचं म्हणणं होतं. 1929 साली कायदा झाला. तोच न्याय या आयांना लावायला काय हरकत आहे? भरपगारी अर्ध्या दिवसाची सवलत कायद्यात यावी, ठेक्यावरच्या बाईलाही मिळावी, आणि छोट्या ठेकेदाराला न पेलणारा तिचा खर्च सरकारने द्यावा.

तोवर महाडच्या कारखानदारांना मी एवढंच विचारते: उपचाराच्या दिवशी या बाईच्या कामाची पाळी बदलून द्यायला कुठल्या कायद्याची वाट पाहायची?