शिबीर झालं, आता पुन्हा कोण येणार?

दुपारची भांडी झाली असतील, कुणी तूर निवडत बसली असेल, कुणी वावरातून आताच आली असेल. हातातलं काम चालू ठेवा आणि ऐका. आम्ही वर्ध्याजवळच्या एका गावच्या, बचत गटातल्या चौघी जणी. बोलते आमच्यातली एक, पण कागदावर काय लिहायचं ते चौघींनी मिळून ठरवलं, म्हणून सगळं ‘आम्ही’ म्हणूनच सांगणार आहोत.

आधी एक गोष्ट सांगतो. आमच्यातल्या एकीची मोठी बहीण दुसऱ्या जिल्ह्यात दिलेली. तिच्या गावात एकदा मोठं आरोग्य शिबीर भरलं. मंडप, लाउडस्पीकर, पाहुण्यांचे सत्कार, सगळं झालं. आम्ही त्या संस्थेचं नाव घेत नाही, कारण अशी शिबिरं कितीतरी ठिकाणी भरतात. बाईचं बीपी मोजलं, ते वाढलेलं निघालं. एका चिठ्ठीवर आकडा लिहून दिला आणि सांगितलं, ‘दवाखान्यात दाखवून घ्या.’ बाईने चिठ्ठी घडी करून रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवली. डोकं दुखत नव्हतं, चक्कर येत नव्हती, कापूस वेचायचे दिवस होते. कशाला जाते दवाखान्यात?

दोन वर्षांनी एका सकाळी चूल पेटवता पेटवता तिचा उजवा हात गळाला, तोंड वाकडं झालं. घरच्यांना वाटलं वारं गेलं अंगावरून. तेल लावलं, शेक दिला, दुपारी कुणीतरी म्हणालं म्हणून मोठ्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, मेंदूत रक्ताची गाठ अडकली असेल तर ती विरघळवायचं इंजेक्शन असतं, पण ते पहिल्या साडेचार तासांतच देता येतं. तो वेळ तेल चोळण्यात गेला होता. पिशवीतली चिठ्ठी सापडली ती नंतर, दवाखान्याच्या योजनेसाठी रेशनकार्ड काढताना.

म्हणजे रोग सापडला होता. मोफत सापडला होता, दारात येऊन. फक्त त्यानंतर ‘काय झालं बाई, गेली का दवाखान्यात?’ असं विचारायला कुणी आलं नाही.

हे सांगायचं कारण असं की आमच्या गावात जे घडतं ते याच्या उलट आहे, आणि ते आम्हाला इतकं सवयीचं झालं होतं की ते वेगळं आहे हेच आम्हाला कळत नव्हतं. आमच्यापासून जवळ सेवाग्राम. तिथलं महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थान आणि कस्तुरबा रुग्णालय. आम्ही त्याला नुसतं ‘सेवाग्रामचा दवाखाना’ म्हणतो.

या दवाखान्याची सुरुवात एका बाईने केली हे आमच्या पोरींनाही माहीत नसतं. डॉ. सुशीला नायर. दिल्लीच्या लेडी हार्डिंग कॉलेजात शिकलेल्या. १९३९ साली सेवाग्रामला आल्या आणि आल्या आल्या वर्ध्यात कॉलऱ्याची साथ सुरू झाली, त्यात त्यांनी जवळजवळ एकटीने काम केलं. पुढे आगाखान पॅलेसमध्ये गांधीजींबरोबर त्याही कैदेत होत्या. कस्तुरबा तिथेच वारल्या, २२ फेब्रुवारी १९४४ ला. त्यानंतर सेवाग्रामात बिर्लांच्या अतिथिगृहात बायकांसाठी आणि लेकरांसाठी १५ खाटांचा दवाखाना सुरू झाला, त्याला कस्तुरबांचं नाव दिलं. सुशीलाताई नंतर देशाच्या आरोग्यमंत्री झाल्या, दिल्लीत राहिल्या, पण १९६९ मध्ये, गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, त्यांनी याच खेड्यात मेडिकल कॉलेज उघडलं. शहरात कॉलेज काढून महिन्यातून एकदा खेड्यात जायचं असं नाही, कॉलेजच खेड्यात. तिथे सगळे त्यांना ‘बडी बहनजी’ म्हणत. २००१ मध्ये त्या गेल्या.

या कॉलेजात पोरं येतात ती अर्धी महाराष्ट्रातली, बाकी देशभरची. आल्यावर पहिले १५ दिवस गांधी आश्रमात राहायचं. झाडलोट, स्वयंपाकात हात, सूत कातणं, सकाळ-संध्याकाळ प्रार्थना. खादी घालायची. पहिल्या वर्षाची पोरं लगेच ओळखू येतात, खादी अंगावर अशी ताठ बसलेली असते की खांद्यावर गोणपाट टाकलंय वाटावं! मग त्या वर्षीच्या अख्ख्या वर्गाला एक गाव मिळतं. १५ दिवस त्या गावातच मुक्काम. आणि प्रत्येक विद्यार्थ्याला चार-पाच घरं वाटून दिलेली. शिबीर संपलं तरी ती घरं सुटत नाहीत, पुढची काही वर्षं त्यांनी महिन्याच्या महिन्याला यायचं असतं, त्याच घरात.

आमच्या आळीला आलेली पोरगी केरळची होती. मराठी दहा-पंधरा शब्द. हातात भलामोठा फॉर्म. कुणीतरी तिला शिकवलं होतं की बायकांना श्वेतप्रदराबद्दल विचारायचं तर ‘अंगावरून पांढरं जातं का’ असं विचारायचं. तिने पाठ केलं, आणि पहिल्याच घरात ओसरीवर, सासरे खाटेवर बसलेले असताना, खणखणीत आवाजात आजीला विचारलं. सासरे चप्पल न घालताच उठून गेले. आम्ही पदर तोंडात धरून हसलो. तीही हसली, पण तिला काय चुकलं ते कळलं. पुढच्या महिन्यात आली ती सरळ मागच्या दाराने स्वयंपाकघरात. चुलीजवळ बसली, भाकरी थापायचा प्रयत्न केला (भारताचा नकाशा झाला), आणि काहीच विचारलं नाही. आमच्यातल्या दोघींनी तिला आपणहून सांगितलं तेव्हा ती तिसरी की चौथी भेट होती.

हे आम्हाला फार महत्त्वाचं वाटतं, म्हणून थोडं थांबून सांगतो. बाईचं दुखणं पहिल्या भेटीत बाहेर येत नाही. पहिल्या भेटीत आपण सगळ्या ‘बरं आहे’ म्हणतो. मंडपात, रांगेत, मागे जाऊ आणि शेजारीण उभी असताना कोण सांगेल की कपडा बदलायला लागतो, की पिशवी खाली येते, की नवरा रात्री पिऊन येतो म्हणून डोकं दुखतं? फॉर्ममध्ये ‘नाही’ लिहिलं जातं, आणि वरचे साहेब म्हणतात, या गावात बायकांना काही त्रास नाही.

लोहाच्या गोळ्यांचंही तसंच. आपल्या राज्यात निम्म्याहून अधिक बायकांच्या अंगात रक्त कमी आहे, हे सरकारी पाहणीतच निघालेलं आहे. आमच्या आळीतही सगळ्यांना गोळ्या मिळाल्या होत्या. ‘घेता का?’ ‘हो, घेते ना.’ दोन महिने असंच चाललं. मग एकदा ती पोरगी म्हणाली, ‘काकू, पाकीट दाखवा ना.’ डब्यातून पाकीट काढलं तर फक्त दोन गोळ्या कमी! मग खरं बाहेर आलं. एकीला काळी संडास झाली म्हणून ती घाबरली होती. एकीला मळमळायचं. एक सकाळी चहाबरोबर घ्यायची. पोरगी रागावली नाही. तिने सांगितलं, की शौचाचा रंग काळा होतो तो गोळीमुळेच, त्यात भीती नाही. उपाशीपोटी मळमळत असेल तर जेवणानंतर घ्या. चहा मात्र गोळीच्या आसपास नको, चहाने लोह अंगी लागत नाही. लिंबू पिळलेल्या वरणाबरोबर घेतली तर उत्तम. एवढंच. हे गोळीच्या पाकिटावर लिहिलेलं असेलही, पण आम्ही ते वाचलं नसतं.

आता कुणी म्हणेल, पोरं शिकतात आपल्यावर, आपण त्यांचं पुस्तक झालो. खरं आहे, शिकतातच. आमचे एक काका तर दर वर्षी म्हणतात, ‘माझा बीपी मोजून मोजून अर्धा देश डॉक्टर झाला.’ पण शिकताना ती आमच्या घराचा उंबरा ओलांडतात, आणि शिकून झाल्यावर कुठे का जाईनात, एक घर आतून बघितलेला डॉक्टर वेगळा असतो असं आम्हाला वाटतं. शिवाय या संस्थेने एक नियम केला होता, की पुढचं मोठं शिक्षण तिथेच घ्यायचं असेल तर आधी दोन वर्षं खेड्यात काम करायचं. त्यामुळे काही जण तरी परत खेड्यातच भेटायचे.

दुसरी गोष्ट ज्वारीची. जुन्या बायका हे आवडीने सांगतात. सेवाग्रामच्या डॉ. उल्हास जाजू यांनी आजूबाजूच्या गावांत एक योजना सुरू केली, तेव्हा विम्याचं नावही आमच्याकडे कुणी ऐकलं नव्हतं. सुगीच्या वेळी गावाने ज्वारी जमा करायची. ज्याचं वावर मोठं त्याने जास्त, ज्याला जमीन नाही त्याने थोडी, मजुरीत मिळालेल्यातून. आणि गावातली बहुतेक घरं सामील झाली तरच योजना, दोन-चार पैसेवाल्यांची नाही. मग अचानक आजार आला, साप चावला, ताप मेंदूत गेला, तर दवाखान्यात उपचार फुकट. आणि जे आधीपासून माहीत असतं, बाळंतपण, हर्निया, मोतीबिंदू, त्यासाठी बिलाचा थोडा भाग आपण द्यायचा.

आमच्या सासूबाई म्हणायच्या, ‘आम्ही काही धर्मादायात नव्हतो, आमची ज्वारी होती तिथे.’ म्हणून त्या दवाखान्यात ताठ मानेने भांडायच्या. औषध बाहेरून आणायला सांगितलं तर विचारायच्या, ‘का बरं?’ आता आमच्या शिवारात ज्वारी उरली नाही, सगळीकडे सोयाबीन, आणि चिमण्यांना दाणा टाकायचा तर तोही दुकानातून आणावा लागतो. ते असो.

२००३ पासून काही वर्षं आंजी, गौळ आणि तळेगाव या तीन प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या गावांत संस्थेने लेकरांच्या आणि बाळंतिणींच्या आरोग्याचं काम केलं, त्यात बायकांचे गट, गावाची समिती आणि पोरींची ‘किशोरी पंचायत’ उभी राहिली. पाळीबद्दल उघड बोलणाऱ्या पहिल्या पोरी आम्ही तिथल्याच पाहिल्या.

सगळं गोडच आहे असं मात्र नाही. पोरांच्या परीक्षा आल्या की भेटी लांबतात. आमची केरळची पोरगी पास होऊन गेली, तेव्हा दोन-तीन बायकांनी बीपीची गोळीच सोडून दिली, ‘आता विचारतंय कोण’ म्हणून. म्हणजे गोळी तब्येतीसाठी नव्हती, पोरीसाठी होती! तेव्हा आम्हाला कळलं की येणारं माणूस बदलणारच, तर विचारणारं कुणीतरी आपल्यातलंच पाहिजे. गटाच्या बैठकीत आता पैशाच्या वहीबरोबर दुसरी वही असते. कुणाला बीपी, कुणाला साखर, कोण गरोदर, गोळ्या कधी आणल्या, पाकीट बघितलं का. आशाताई बसतात सोबत. बीपीच्या गोळ्या प्राथमिक आरोग्य केंद्रात मोफत मिळतात, पण आणायला एस.टी.ने जावं लागतं, म्हणून आम्ही पाळीपाळीने एकीला पाठवतो.

आणि हे फक्त आमच्यापुरतं नाही, म्हणून रेडिओवर सांगतोय. सेवाग्रामची पदवी आता नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाची. हे विद्यापीठ १९९८ मध्ये सुरू झालं, आणि राज्यातली मेडिकल कॉलेजं त्याला जोडलेली आहेत. गेल्या काही वर्षांपासून राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने देशातल्या सगळ्याच कॉलेजांना सांगितलंय, की एमबीबीएसच्या प्रत्येक विद्यार्थ्याने पहिल्या वर्षापासून काही कुटुंबं दत्तक घ्यायची आणि त्यांच्याकडे जात राहायचं. म्हणजे तुमच्या गावाजवळ मेडिकल कॉलेज असेल तर तुमच्याही दारात पांढऱ्या कोटातलं पोरगं येईल, हातात फॉर्म घेऊन, घाबरलेलं.

त्याला पाणी द्या. बसायला सतरंजी द्या. आणि जाताना विचारा, पुन्हा कधी येणार? तारीख सांगितली तर भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून घ्या, त्याच्यासमोर. तो नाही आला तर दुसरं कोण येणार, तेही विचारा. मोजलेला आकडा चिठ्ठीवर असेल तर अर्थ विचारा. बीपी १४० आणि ९० च्या वर पुन्हा पुन्हा निघालं तर काही दुखत नसलं तरी डॉक्टरकडे जायचंच. गरोदर बाईचं बीपी एकदा जरी इतकं वर गेलं, किंवा डोकं दुखतंय, डोळ्यांपुढे अंधारी येतेय, तोंडावर सूज आहे, तर त्याच दिवशी. आणि कुणाचं तोंड वाकडं झालं, हात गळाला, बोबडं बोलायला लागलं, तर तेल-शेक काही नको, १०८ ला फोन करा.

आमच्यातलीची ती बहीण आता आमच्याच गावात आहे, बहिणीकडे. डाव्या हाताने तूर निवडते. गोळी रात्री घेते, आणि पाकीट बहिणीने नाही, तिने स्वतः दाखवायचं असं आम्ही ठरवलंय. गुरुवारी गटात आली होती. पाकिटात चार गोळ्या जास्त होत्या. विचारलं तर म्हणाली, लग्नाला गेली होती, पिशवी घरी राहिली.

पुढच्या वेळी बाळंतिणीच्या खाण्यावर बोलू, काय वर्ज्य म्हणतात आणि काय खरंच वर्ज्य. तुमच्या गावात कॉलेजची पोरं येत असतील तर कार्यक्रमाला चिठ्ठी पाठवा, कशी वागतात ते कळवा. येतो आम्ही. नमस्कार.