गोळी उपकेंद्रात, गर्भवती फडात

(आष्टी येथे कार्यकर्त्यांच्या बैठकीत केलेले भाषण)



दिवाळीच्या सुमारास आष्टी, पाटोदा, शिरूर कासार या भागांतील वाड्यावस्त्या ओस पडू लागतात. मुकादमाकडून उचल घेतलेली जोडपी पश्चिम महाराष्ट्राच्या आणि कर्नाटकाच्या फडांकडे निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता, असा तेथील हिशेब. बायको गर्भवती असली तरी तो बदलत नाही. तिच्या संदर्भात एका सरकारी योजनेविषयी मला बोलावयाचे आहे.

गर्भवतींना लोह व फॉलिक ॲसिडच्या गोळ्या देण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७० साली सुरू झाला. २०१८ पासून ‘ॲनिमियामुक्त भारत’ या नावाने त्याला नवे रूप मिळाले. चौथ्या महिन्यापासून रोज एक गोळी, १८० दिवस. बाळंतपणानंतर पुन्हा तितकेच दिवस. गोळी स्वस्त आहे, तिचा गुण सिद्ध आहे. तरीही २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील ५२.२ टक्के गर्भवती रक्तक्षयी आढळल्या. २०१५-१६ मध्ये हे प्रमाण ५०.४ टक्के होते. गरोदरपणी १८० दिवस गोळ्या घेतलेल्या माता अवघ्या २६ टक्के!

आता पंधरा जीवनसत्त्वे व खनिजे असलेल्या नव्या गोळीची चर्चा आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली तिला अत्यावश्यक औषधांच्या यादीत स्थान दिले. कमी वजनाची बालके तिच्यामुळे घटतात, असे अभ्यास सांगतात. तिला विरोध करण्याचे कारण नाही. परंतु दोन घटकांची गोळी जी व्यवस्था पोहोचवू शकली नाही, ती पंधरा घटकांची कशी पोहोचवणार?

गोळ्यांचा काळ सहा महिन्यांचा आणि ऊसतोडीचा हंगामही जवळपास तेवढाच. स्त्रीचे नाव गावच्या आशाताईंच्या वहीत, ती स्वतः मात्र शेकडो मैलांवर कोपीत. निघताना गोळ्या हाती दिल्या तरी मळमळ, बद्धकोष्ठ, काळी शौच यांनी ती घाबरते. हे अपाय नव्हेत, गोळी जेवणानंतर घ्यावी, चहाबरोबर घेतल्यास लोह अंगी लागत नाही, हे सांगणारे जवळ कोणी नसते. तपासणीला जावे तर खाडा पडतो आणि त्याचे पैसे कापले जातात. म्हणून हा प्रश्न जितका आरोग्याचा, तितकाच मजुरीचा आहे.

कोणी म्हणेल, खरे औषध पुरेशी मजुरी व पोटभर अन्न. गोळी ही मलमपट्टी. मजुरीचा लढा आपण सोडणार नाहीच. परंतु यंदाची गर्भवती त्या लढ्याच्या निकालापर्यंत थांबू शकत नाही.

म्हणून मागण्या स्पष्ट हव्यात. हंगामापूर्वी प्रत्येक गर्भवतीची रक्ततपासणी व्हावी आणि तिची नोंद कारखाना परिसरातील आरोग्य केंद्राकडे जावी. तेथील आशाताईंनी कोप्यांवर नियमित यावे. वाहनाचा खर्च कारखान्याने द्यावा. तपासणीचा दिवस खाडा धरू नये. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने गर्भवतीला किमान ६,००० रुपयांचा मातृत्वलाभ मान्य केला; केंद्राची योजना पहिल्या अपत्यासाठी ५,००० देते. उरलेल्या रकमेचा जाब आपण विचारलाच पाहिजे.

मागणीला आधार हवा तो आकड्यांचा. टोळ्या हलण्यापूर्वी आपापल्या गावातील अशा भगिनींची यादी, त्यांच्या संमतीने, तयार करा. ती घेऊनच आपण तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडे जाऊ.